हेलकावा थांबतो, ऊर्जा कुठे जाते?

एरवी या वेळेला मी तुमच्याशी बोलते ते हप्ते, व्याज, बँकेचं कर्ज आणि इतिवृत्त यांबद्दल. आजही हिशेबाबद्दलच बोलणार आहे, पण हा हिशेब पैशांचा नसून ऊर्जेचा आहे. विषय ऐकून लगेच रेडिओ बंद करू नका. सगळ्या विश्वात पसरलेली जी क्वांटम क्षेत्रं आहेत, ती हेलकावे घेतात तेव्हा त्यांची ऊर्जा कुठे जाते आणि ती शांत कशी होतात, हे आज आपण बघणार आहोत.

मी कला शाखेची पदवीधर. हा विषय मी वाचत, विचारत, थोडा थोडा करून समजून घेतला. समजल्यावर वाटलं, जिला गटाची खतावणी लिहिता येते, तिला यातलं मर्म नक्की कळेल. कारण हे सगळं एकाच नियमावर उभं आहे. ऊर्जा नाहीशी होत नाही. एका खात्यातून गेली, तर ती दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात जमा झालेलीच असते. 'शांत झालं' असं आपण म्हणतो, तेव्हा खरं तर 'वाटून झालं' असं म्हणायला हवं.

ताट वाजतं आणि गप्प होतं

आधी स्वयंपाकघरात जाऊ. स्टीलचं ताट फरशीवर पडलं की घणघणत राहतं. त्याच्या काठावर बोट ठेवलं की लगेच गप्प. ताटाची थरथर बोटाने घेतली आणि तिची अगदी किंचित उष्णता झाली. इतकी किंचित, की आपल्याला जाणवतही नाही.

देवघरातली घंटा मात्र बराच वेळ वाजते. तिला धरलेलं असतं फक्त वरच्या कडीला. बाकी सगळी मोकळी. तिची ऊर्जा हळूहळू हवेला जाते, आणि हवेला मिळालेला तो वाटा म्हणजेच आपल्याला ऐकू येणारा आवाज. घंटेच्या खात्यात जे नावे पडतं, ते आपल्या कानाकडे जमा होतं.

इथे पहिली गोष्ट लक्षात ठेवा. हलणारी वस्तू किती लवकर शांत होईल, हे तिचा इतरांशी किती घट्ट संबंध आहे यावर ठरतं. संबंध घट्ट असेल तर लवकर, सैल असेल तर उशिरा. कुणाशी संबंधच नसेल, तर ती शांत होणारच नाही.

दुसरी गोष्ट, ऊर्जा कमी कशी होते? समजा, एका ताईने गटाकडून १००० रुपये घेतले आणि ठरवलं की दर महिन्याला जेवढी बाकी असेल तिचा दहावा भाग फेडायचा. पहिल्या महिन्यानंतर बाकी ९००, मग ८१०, मग ७२९. बाकी कमी होते तसा हप्ताही लहान होतो. बावीस महिन्यांनी जेमतेम ९८ रुपये उरतात. कागदावर बाकी पूर्ण शून्य कधीच होत नाही, पण व्यवहारात संपल्यासारखी होते. घंटेचा आवाज असाच विरत जातो. सुरुवातीला भराभर कमी होतो आणि शेवटी रेंगाळतो. लहान घंटेपासून ते विश्वाच्या सुरुवातीपर्यंत हाच नमुना पुन्हा पुन्हा भेटतो.

तिसरी गोष्ट, गेलेली ऊर्जा परत का येत नाही? यासाठी घरी करता येईल असा प्रयोग सांगते. दोन खुर्च्यांच्या मध्ये एक सुतळी ताणून बांधा. तिला वीतभर अंतरावर सारख्या लांबीच्या दोन दोऱ्या बांधा आणि दोन्हींना सारख्याच वजनाची कुलुपं लटकवा. एक कुलूप हलवा. थोड्या वेळाने ते थांबेल आणि दुसरं हलू लागेल. आणखी थोड्या वेळाने दुसरं थांबेल आणि पहिलं पुन्हा हलू लागेल. दोघींमधलं उसनं-पासनं जसं चालतं, तसंच. पण त्याच सुतळीला आठ-दहा वजनं लटकवा, की पहिल्याची चाल सगळ्यांत विखुरते, आणि ती सगळी एकाच वेळी पहिल्याकडे परतायची वेळ लवकर येत नाही. आता आठ-दहांच्या जागी हवेचे अब्जावधी कण धरा. एकाला दिलेलं परत मिळतं. असंख्यांना वाटलेलं एकाच वेळी परत येण्याची शक्यता उरत नाही. शांत होणं ते हेच.

क्षेत्र म्हणजे काय?

आता क्षेत्राकडे येऊ. इथे क्षेत्र म्हणजे शेत किंवा तीर्थक्षेत्र नव्हे. गावाच्या तळ्याचा विचार करा. तळ्यात प्रत्येक ठिकाणी पाण्याची काहीतरी पातळी असते. दगड टाकला की ती एका जागी वरखाली होते आणि लाट पसरते. भौतिकशास्त्रातलं क्षेत्र असंच असतं. प्रत्येक ठिकाणी त्याची काहीतरी किंमत असते आणि ती किंमत वरखाली होऊ शकते. फक्त हे तळं सगळ्या अवकाशात भरलेलं आहे, आपल्या आरपारसुद्धा.

आत्ता माझा आवाज तुमच्यापर्यंत आणणारं विद्युतचुंबकीय क्षेत्र हे त्यांपैकीच एक. आपल्याकडची अनेक सामुदायिक केंद्रं ९०.४ मेगाहर्ट्‌झवर लागतात. म्हणजे केंद्राच्या मनोऱ्यात विजेचे कण सेकंदाला ९ कोटी ४ लाख वेळा मागेपुढे हलवले जातात. ते हलताना आपली ऊर्जा या क्षेत्राला देतात आणि लहर पसरते. केंद्राची वीज गेली की मनोऱ्यातली ही हालचाल क्षणात थांबते, कारण वाटप चालूच असतं आणि नवा पुरवठा बंद झालेला असतो.

मग 'क्वांटम' कशाला म्हणायचं? १९०० साली जर्मनीत माक्स प्लांक यांच्या लक्षात आलं की हा ऊर्जेचा व्यवहार हवा तेवढा बारीक करता येत नाही. तो ठरावीक आकाराच्या पुड्यांमध्येच होतो. मराठीत याला पुंज म्हणतात. आपण त्याला नोट म्हणू. बँक जशी अडीच नोटा देत नाही, तसं क्षेत्रही अर्धी नोट घेत नाही किंवा देत नाही. जितका हेलकावा जलद, तितकी नोट मोठी. रेडिओची नोट इतकी लहान असते की फक्त एक वॉट ऊर्जा बाहेर टाकायला सेकंदाला एकावर पंचवीस शून्यं दिल्यावर होणाऱ्या संख्येहूनही जास्त नोटा लागतात. म्हणून रेडिओच्या व्यवहारात सुट्टी नोट कुणाला दिसत नाही. नळाचं पाणी जसं सलग वाटतं, तसाच तो व्यवहार सलग वाटतो.

एकेक नोट असते तिथे मात्र वेगळीच गोष्ट दिसते. रस्त्यावरचे जुने पिवळे सोडियमचे दिवे आठवा. त्या दिव्यात सोडियमच्या अणूला धक्का बसतो आणि तो एक नोट ऊर्जा धरून ठेवतो. किती वेळ? एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतले सरासरी १६ भाग. मग ती नोट तो पिवळ्या प्रकाशाच्या रूपाने देऊन टाकतो आणि शांत होतो. एखादा अणू नेमका कधी देईल, हे कुणीच सांगू शकत नाही. पण कोट्यवधी अणूंचा मिळून हिशेब मांडला, की आपल्या ताईच्या कर्जासारखीच घट दिसते. दर क्षणाला उरलेल्यांपैकी ठरावीक हिस्सा कमी होतो.

मला सगळ्यात जास्त गोडी लागली ती पुढच्या प्रश्नाची. भोवती काहीच नसेल, पूर्ण अंधारी पोकळी असेल, तरी अणू आपली ऊर्जा देतो. मग घेतं कोण? घेतं ते विद्युतचुंबकीय क्षेत्र. ते पोकळीतही हजरच असतं. खात्यात शिल्लक नसली म्हणून खातं बंद झालेलं नसतं, तसंच हे. १९२७ साली इंग्लंडमधल्या पॉल डिरॅक यांनी हा व्यवहार पहिल्यांदा गणितात मांडला. अणू आणि क्षेत्र दोघांचेही व्यवहार त्यांनी नोटांमध्येच लिहिले, आणि अणू किती वेगाने ऊर्जा देईल ते त्यातून काढता आलं.

आणि घेणाऱ्याचं दार बंद केलं तर? तेही करून पाहिलं आहे. पॅरिसमधल्या सर्ज हारोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशय थंड केलेल्या, अतिशय गुळगुळीत अशा दोन आरशांच्या मध्ये प्रकाशाच्या जातीची एकच नोट कोंडून ठेवली. दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा ती मंद हेलकाव्याची, सूक्ष्मलहरींची होती. ती सरासरी ०.१३ सेकंद तिथे टिकली. एवढ्या वेळात ती आरशांच्या मध्ये इकडून तिकडे जवळजवळ ४० हजार किलोमीटर धावली, म्हणजे पृथ्वीला एक फेरी. अशा बंद जागेत अणू आणि क्षेत्र यांच्यात तीच एक नोट पुन्हा पुन्हा फिरते, आपल्या दोन कुलुपांसारखी. हारोश यांना २०१२ साली नोबेल पारितोषिक मिळालं. घेणारा एकच असेल तर दिलेलं परत येतं, घेणारे अगणित झाले की देणारा शांत होतो, हे सुतळीवर दिसलं तसंच पोकळीतही दिसलं.

हिग्जचे पाच हजार हेलकावे

प्रकाशाचं क्षेत्र हे एकच नाही. इलेक्ट्रॉनचं स्वतःचं क्षेत्र आहे, अणूच्या गाभ्यातल्या क्वार्कांचीही आहेत. आज शास्त्रज्ञ असं मानतात की कण म्हणजे त्या त्या क्षेत्राच्या थरथरीची एक नोट. जगातले सगळे इलेक्ट्रॉन हुबेहूब सारखे का, याचं उत्तरही यातच आहे. ते सगळे एकाच छापखान्यातले आहेत.

ही क्षेत्रं एकमेकांना जोडलेली असतात. त्यामुळे एका क्षेत्राची मोठी नोट मोडून दुसऱ्या क्षेत्रांच्या दोन लहान नोटा होऊ शकतात. अट एवढीच की हिशेब जुळला पाहिजे. पाचशेची नोट मोडून दोन हजार होत नाहीत. तसंच, हलका कण मोडून जड कण मिळत नाही. प्रकाशाच्या नोटेला तर वस्तुमानच नाही. तिच्याहून हलकं असं काही नाही की ज्यात ती मोडावी. म्हणून मोकळ्या अवकाशातून प्रकाश अब्जावधी वर्षं प्रवास करतो आणि वाटेत आपोआप विझत नाही.

याच्या अगदी उलट आहे हिग्ज क्षेत्र. १९६४ साली पीटर हिग्ज, फ्रान्स्वा आंग्लेर आणि रॉबर्ट ब्राउट अशा काही जणांनी सुचवलं की विश्वभर एक असं क्षेत्र आहे, जे शांत असतानाही शून्यावर नसतं. त्याची काही ठरावीक किंमत असते आणि तिच्यामुळे इलेक्ट्रॉनसारख्या कणांना वस्तुमान मिळतं. हे खरं आहे का, ते तपासायचं कसं? त्या क्षेत्राला जोरात ठोका द्यायचा आणि ते वाजतं का बघायचं. त्यासाठी फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सरहद्दीवर जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचं यंत्र बांधलं आहे. त्यात प्रोटॉन प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळवतात. ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झालं की ठोका लागला, क्षेत्र वाजलं, म्हणजे हिग्ज कण सापडला. ज्या दोन मोठ्या प्रयोगांनी हे शोधलं, त्यांपैकी एकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही होते. या कणाला आपण 'हिग्ज बोसॉन' म्हणतो. त्यातला 'बोसॉन' हा शब्द आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून आला आहे.

हिग्जची थरथर किती वेळ टिकते? एका सेकंदाचे एकावर बावीस शून्यं इतके भाग करा. सिद्धांतानुसार ती त्यांतल्या दीड-पावणेदोन भागांपुरती टिकते. ऐकून वाटेल, हे तर वाजायच्या आधीच गप्प झालं. पण तिचा हेलकावाही तितकाच जलद असतो. हिशेब केला तर एवढ्या वेळात तिचे जवळजवळ पाच हजार हेलकावे होतात. त्या दृष्टीने पाहिलं तर हिग्ज क्षेत्र बोट ठेवलेल्या ताटासारखं चटकन गप्प होत नाही. ते चांगल्या घंटेसारखं घुमतं. फक्त त्याचं जग आपल्या जगापेक्षा अतोनात वेगवान आहे.

मग ती नोट मोडते. शंभर वेळा मोडली तर साधारण ५८ वेळा 'बॉटम' नावाच्या जड क्वार्कांची जोडी मिळते. प्रकाशाच्या दोन नोटा मिळण्याची वेळ हजारातून दोनदाच येते. हिग्ज कण प्रत्यक्ष कुणी पाहिलेला नाही. शास्त्रज्ञांनी पाहिली ती त्याची मोड. लेखापरीक्षक पावत्या जुळवून जसा मूळ व्यवहार शोधतो, तसा त्यांनी मागे राहिलेल्या कणांवरून मूळ थरथर शोधली. हिग्ज क्षेत्र शांत होताना काही वाटून गेलं नसतं, तर ते आहे हे आपल्याला कळलंच नसतं.

विश्व तापलं ते कशामुळे?

आता सगळ्यात मोठा हेलकावा. आपलं विश्व सुरुवातीला अतिशय तप्त होतं, याचे पुरावे भक्कम आहेत. पहिला सेकंद संपला तेव्हा तापमान सुमारे १००० कोटी अंश होतं. त्या काळानंतरचा मंदावलेला प्रकाश आजही सगळीकडून येतो. अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन यांना १९६४ साली तो रेडिओच्या खरखरीच्या रूपात सापडला. अवकाशाच्या प्रत्येक घन सेंटीमीटरमध्ये, म्हणजे खेळातल्या एका फाशाएवढ्या जागेत, त्या प्रकाशाच्या सुमारे ४११ नोटा आहेत. पण ही उष्णता आली कुठून?

बरेच शास्त्रज्ञ एक उत्तर देतात. ते अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही, पण हिशेबात बसतं. १९८१ साली अमेरिकेतल्या ॲलन गुथ यांनी मांडलं की अगदी सुरुवातीला एका क्षेत्रात सगळी ऊर्जा साठलेली होती आणि तिच्या जोरावर अवकाश पापणी लवण्याच्या कितीतरी आधी भराभर फुगलं. पुढच्याच वर्षी आंद्रेई लिंडे आणि इतरांनी त्यात सुधारणा केली. त्यांच्या मते हे क्षेत्र एखाद्या उतारावरून गोटी घरंगळावी तसं हळूहळू खाली आलं. कढईच्या काठावरून गोटी सोडली की ती तळाशी येऊन थांबत नाही, पलीकडे चढते, परत येते. तसं ते क्षेत्र तळाशी आल्यावर इकडून तिकडे हेलकावू लागलं, सगळ्या अवकाशात एकाच वेळी, एका लयीत. त्या वेळी विश्वात दुसरं जवळजवळ काहीच नव्हतं. फुगण्यामुळे सगळं थंड आणि रितं झालं होतं. सगळी पुंजी एकाच खात्यात पडून होती.

हे खातं दोन वाटांनी रिकामं झालं. पहिली वाट म्हणजे अवकाशाचं पसरणं. त्याने हेलकावा लहान होत गेला, पण त्यातून नवं काही निपजत नाही. दुसरी वाट म्हणजे इतर क्षेत्रांशी असलेला संबंध. मूळ क्षेत्राच्या नोटा मोडत गेल्या आणि इतर क्षेत्रांचे कण तयार झाले. ते कण एकमेकांवर आदळले, ऊर्जा वाटत वाटत सगळ्यांचं तापमान एक झालं आणि तप्त विश्व तयार झालं.

ही वाटणी कधी कधी फार झपाट्याने होऊ शकते, असं कोफमन, लिंडे आणि स्टारोबिन्स्की यांनी १९९४ साली दाखवलं. ती कशी, हे आपल्याला सांगायला नकोच. नागपंचमीला आपण झाडाच्या झोक्यावर उभ्याने झोका चढवतो. दोन्ही टोकांना खाली बसायचं आणि मधून जाताना उठायचं. एका पूर्ण हेलकाव्यात दोनदा उठणं, दोनदा बसणं. बाहेरून कुणी ढकलत नाही, तरी झोका फांदीपर्यंत जातो. मूळ क्षेत्राचा हेलकावा दुसऱ्या क्षेत्राच्या बाबतीत हेच उठण्या-बसण्याचं काम करतो. दर हेलकाव्यात दोनदा तो त्याला चढवतो, आणि बघता बघता दुसऱ्या क्षेत्रात कणांची रास पडते.

आपल्याला हेही माहीत आहे की झोका अगदी स्थिर असेल, तर नुसतं खाली-वर उठून-बसून तो हलत नाही. आधी कुणीतरी थोडं ढकलावं लागतं. मग सुरुवातीच्या त्या रित्या विश्वात दुसऱ्या क्षेत्रांना पहिला धक्का कुणी दिला? इथे क्वांटमचा नियम कामाला येतो. कुठलंही क्वांटम क्षेत्र पूर्णपणे निश्चल कधीच नसतं. अगदी खाली बसल्यावरही त्याची एक किमान थरथर उरतेच. ती काढून घेता येत नाही, खर्चताही येत नाही. बँकेतल्या किमान शिलकीसारखी ती पडून असते. पण झोका चढायला तेवढी पुरते.

आपल्या महाराष्ट्राचा एक धागाही इथे सांगायला हवा. क्षेत्रातून पदार्थ निर्माण होतो, हा विचार जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर १९६०च्या दशकात वेगळ्या रीतीने मांडला होता. त्यांच्या मते विश्वाला सुरुवातच नव्हती, आणि एका निर्मिती-क्षेत्रातून पदार्थ सतत तयार होत होता. तो अवकाशभरचा मंद प्रकाश सापडल्यावर बहुतेक शास्त्रज्ञ तप्त सुरुवातीच्या बाजूने गेले. नारळीकरांनी मात्र आपल्या शंका शेवटपर्यंत उघडपणे मांडल्या. विज्ञानात असं चालतं. हिशेब सर्वांसमोर ठेवायचा आणि ज्याला खोट दिसेल त्याने दाखवायची.

पण मला यात विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. ते मूळ क्षेत्र इतर कुठल्याही क्षेत्राशी जोडलेलं नसतं, तर काय झालं असतं? ते अनंत काळ एकटंच हेलकावत राहिलं असतं, आणि अवकाश पसरत गेलं तसं मंद होत गेलं असतं. तारे झाले नसते, पाणी झालं नसतं, माती झाली नसती, आपण झालो नसतो. या मांडणीप्रमाणे आज जे काही आहे, ते त्या एका क्षेत्राने शांत होताना वाटलेलं आहे.

याचा आपल्याला उपयोग काय?

आता उपयोगाचं बोलते. गेल्या काही वर्षांत आपल्या बायकांकडे 'क्वांटम ऊर्जे'ची लॉकेटं, ब्रेसलेटं, पाण्याखाली ठेवायच्या चकत्या विकायला माणसं येतात. आमच्या भागात दोन गटांतल्या बायकांनी गुडघेदुखीसाठी अशी लॉकेटं हप्त्यावर घेतली. एकीने त्यासाठी अंतर्गत कर्ज काढलं. गुडघे होते तिथेच आहेत, हप्ते मात्र अजून चालू आहेत. विकणारा सांगतो, 'यात क्वांटम कंपनं आहेत, ती कायम चालू राहतात आणि शरीराला ऊर्जा देत राहतात.'

आजचा हिशेब ज्यांनी ऐकला, त्यांनी त्याला दोन प्रश्न विचारावेत. पहिला, कंपन जर शरीराला ऊर्जा देत असेल, तर ते कमी कमी होत शांत व्हायला हवं. मग ते कायम चालू कसं राहतं? दुसरा, ते चालू राहत असेल, तर आत ऊर्जा भरतं कोण? जे देतं ते कमी होतं. जे कमी होत नाही, ते काही देत नाही. किमान शिलकीची थरथर कायम असते हे खरं, पण ती काढून कुणाला देता येत नाही, हे आपण आत्ताच बघितलं. घंटा असो, सोडियमचा अणू असो की हिग्ज क्षेत्र असो, या हिशेबातून कुणालाच सूट नाही. मग हजार-दोन हजारांच्या लॉकेटाला ती कशी मिळेल?

यात फक्त पैशांचंच नुकसान आहे असंही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या सरकारी अणुसुरक्षा यंत्रणेने अशा प्रकारच्या दहा वस्तू तपासून लोकांना इशारा दिला, की त्या किरणोत्सर्गी आहेत, वापरू नका आणि घरात बाजूला बंद करून ठेवा. त्यांत लॉकेट होतं, ब्रेसलेट होतं आणि लहान मुलांसाठीचा दागिनाही होता. म्हणजे त्यांतून बाहेर पडत होतं ते अस्थिर अणूंचे किरण. अंगाला सतत चिकटून राहिले तर अपाय करणारे.

म्हणून माझं सांगणं एवढंच. 'क्वांटम' या शब्दाला घाबरू नका आणि त्याला भुलूही नका. तो मोठ्या शाळांतल्या लोकांचा खास शब्द नाही. नोटांमध्ये चालणारा ऊर्जेचा व्यवहार, एवढाच त्याचा अर्थ. गटात कुणी खर्च सांगितला की आपण पावती मागतो ना? तशीच ऊर्जेची पावती मागायची. कुठून आली, कुठे गेली, किती कमी झाली?

दुखणाऱ्या गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे जा. आणि या आठवड्यात घरातल्या मुलीला सोबत घेऊन ती सुतळी बांधा. दोन कुलुपं लटकवा, नंतर आठ-दहा, आणि पहिल्याची चाल कुठे कुठे जाते ते तिला मोजायला सांगा. किती हेलकाव्यांनी थांबलं, ते तिने वहीत लिहू दे. पुढच्या बैठकीला ती वही आणा. आपण सगळ्या मिळून हिशेब तपासू. नमस्कार.